काचेची लाइट की खांबाची

आमच्या घरी त्या साली भांडायला एकच विषय होता. काचेची लाइट घ्यायची की खांबाची? खांबाची म्हणजे गावात होती ती, तारेवरून येणारी. काचेची म्हणजे उन्हावर चालणारी, पंचायत समितीच्या योजनेतून मिळणारी. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती आणि सोलर हा शब्द आमच्याकडे अजून कोणाच्या जिभेवर बसला नव्हता. योजनेचा माणूस गावात आला, त्यानं एक काळी काच दाखवली, ही उन्हात ठेवायची म्हणजे खालची बॅटरी भरते म्हणाला, तेव्हापासून ती काचच झाली.

गावातल्या लोकांपुढे हा प्रश्न नव्हता, त्यांच्या दारात खांब होते. आमचं घर गावात असतं तर ना! चंद्रपूर जिल्ह्यात मूलहून पोंभुर्ण्याकडे जाताना रस्त्याच्या आत आमचं गाव, गावामागे फारेस्टचा पट्टा, आणि त्या पट्ट्यापलीकडे आमचं वावर. धान भरायला लागलं की रानडुकरं उतरायची. बाबा राखणीला जायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी, चिडचिड करत परत यायचे. एका वर्षी डुकरांनी धानाची अख्खी बांधी लोळवली, आणि बाबांचं डोकं फिरलं. "आता तिथीच राह्यतो मी, पाह्यतो कोन येते त," म्हणाले आणि खरंच वावरात घर बांधलं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. मायला विचारलं नाही, मला तर नाहीच नाही.

पण काय सांगू, ते घर मला फार आवडायचं. अजूनही आवडतं, आता तिथे एक भिंत उभी नाही तरी. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत सकाळी दार उघडलं की तो गोड, जड वास सरळ घरात यायचा. आता मी चंद्रपूरला पक्क्या घरात राहते. सगळं आहे, पण दार उघडलं की समोर शेजाऱ्याची मोटरसायकल दिसते. कधी कधी वाटतं, सगळं टाकावं आणि जाऊन त्या बांधीवर बसावं. जाऊन काय करशील, असं मुलं विचारतात.

घरात आम्ही तिघं. माय, बाबा आणि मी. मी मॅट्रिक होऊन गावातल्या बालवाडीत शिकवायला जात होते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, भद्रावतीच्या सरकारी कारखान्यात लागला होता. कारखान्याची कॉलनी, त्यात त्याचं क्वार्टर, नळ, लाइट, छताला पंखा. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तान्ही असताना उन्हाळ्यात तो सगळ्यांना घेऊन घरी आला. आणि आमचा उन्हाळा म्हणजे काय विचारता! दुपारी कवेलूखाली बसलं तर भाजून निघावं. दुसऱ्याच दिवशी त्या लेकराच्या अंगावर घामोळ्या उठल्या, मान, पाठ, सगळी लाल. रडून रडून तिचा आवाज बसला. वहिनी तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघून गेल्या. त्यानंतर दादा एकटाच येऊ लागला. सकाळच्या गाडीनं यायचा, मायच्या हातचं जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीला पळायचा.

मायच्या मनानं घेतलं की हे सगळं पंख्यापायी. ती एकदा भद्रावतीला राहून आली होती. आल्यावर आठवडाभर तिच्या तोंडी एकच. "पोट्टी अशी झोपते बापा! पंख्याखाली हातपाय पसरून झोपते, मुंगी चावली त उठत नाई." म्हणून काच आणि खांबाचं भांडण सुरू झालं तेव्हा मायनं दोन्हींबाबत एकच प्रश्न लावून धरला. पंखा फिरते का?

खांबावर पंखा फिरत होता. पण खांब आमच्यापर्यंत आणायचे तर फारेस्टची परवानगी, आणि गावातल्या शेवटच्या खांबापासून आमच्या दारापर्यंतच्या सगळ्या खांबांचा न् तारेचा खर्च आमचा. लाइनवाल्यानं बाबांना आकडा सांगितला तेव्हा बाबा बाहेर आले, पानठेल्यावर बसले आणि दोन पानं खाऊन मगच सायकलवर चढले. घरी येऊन म्हणाले, "बैलजोडी जाते." आमच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतंही. काचेला मात्र सरकारचा हात होता. आमच्या वाट्याला काही पोती धान विकून भागेल एवढंच येत होतं.

शिवाय बाबांना खांब मुळातच पसंत नव्हता. कोणाच्या दारात उभं राहायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "आज खांबासाठी हात जोडा, उद्या तार तुटली म्हनून हात जोडा. आन् गावात लाइट राह्यते का? अर्धा दिवस त नसतेच. सूर्य रोज निंगते. त्याच्या पाया पडा लागत नाई."

"सूर्य पंखा फिरवते का?" माय म्हणाली.

बाबांनी योजनेच्या माणसाला घरीच बोलावलं. भला माणूस होता. त्यानं सरळ सांगितलं, दोन ट्यूब चालतील, रेडिओ चालेल. पंखा नाही, बॅटरीचा जीव लहान आहे.

माय चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "काऊन भाऊ? बांबूच्या ट्रकमधी डायवरपुढं लहानसा पंखा फिरत राह्यते. तो का खांबावर फिरते?"

तो माणूस हसला. डोकं खाजवून म्हणाला, "बाई, तो पंखा चालंल. पन ट्रकची बॅटरी इंजिन भरत राह्यते. तुमच्याकडं ऊन भरन तेवढंच. तो पंखा लावला त ट्यूब बंद ठेवा लागंल."

"ठेवू ना. अंधाराची आमाले सवय हाये."

झालं. भांडण तिथेच संपलं. काच जिंकली असं बाबांना वाटलं आणि पंखा जिंकला असं मायला. बाबा स्वतः बल्लारपूरला जाऊन ट्रकच्या सामानाच्या दुकानातून तसला पंखा घेऊन आले. इवलासा, जाळीचा, निळ्या पात्यांचा. मायनं तो पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि संदुकीत ठेवून दिला. आमच्यापैकी कोणी तो लावून पाहायचा नाही, अशी सक्त ताकीद.

धान निघाल्यावर, ऐन थंडीत काच बसली. कवेलूवर ठेवायची सोय नव्हती, वानरांनी दोन दिवसांत नाचून फोडली असती. मग आंगणात सागाची बल्ली रोवली आणि तिच्यावर काच बसवली. बॅटरी घरात, कोपऱ्यात. पहिल्या संध्याकाळी ट्यूब लागली तेव्हा बाबा घरात थांबलेच नाहीत. बांधीपर्यंत चालत गेले, तिथून वळून घराकडे पाहत उभे राहिले. मीही गेले. दारातून उजेड थेट आंगणात पडला होता. बाबा नुसतेच "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे खूप होतं.

दुसऱ्या दिवसापासून मायनं ट्यूब बंद केली. कंदील पुन्हा खुंटीवर आला. मी विचारलं तर म्हणाली, "भरू दे ना वं ते. वैशाख पौर्निमेले येऊन राह्यले ते तिघं. तवर भरू दे."

आता तुम्ही हसाल. पण आम्ही धानाची माणसं. आमच्याकडे साठवण म्हणजे ढोली. बांबूची, माणसाच्या उंचीची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. धान आलं की ढोली भरायची आणि मग तोंडही लिंपून बंद करायचं. उन्हाळा येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. जेवढं खाल्लं नाही तेवढं आत शिल्लक, हा साधा हिशेब. बॅटरीतही ऊन असंच थरावर थर चढत असणार, असं मायनं धरलं. योजनेचा माणूस जाताना बजावून गेला होता, रोज जाळा, रोज भरेल. पण मायला वाटलं, दुसऱ्याच्या घरचं आहे ना, म्हणून सांगतो जाळा जाळा! बाबांनाही मायचंच पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मॅट्रिक होऊन मी काय मोठे दिवे लावले होते?

चैत्र आला, ऊन तापलं. तुम्हाला आमच्या भागातलं ऊन माहीत असेल तर पुढचं सांगायलाच नको. दुपारी आम्ही कोंबड्या झाकतो, पाण्याचे माठ ओल्या पोत्यात गुंडाळतो, बैलांना कडुलिंबाखाली घेतो. आणि ती बिचारी काच एकटी बल्लीवर. माय दारातून तिच्याकडे पाहायची आणि तिचा जीव कळवळायचा. एक दिवस मी बालवाडीतून आले तर काचेवर पोतं, वरून सुतळीनं आवळून बांधलेलं.

"अवं माय, हे काय?"

"भरली ना आता ढोली. तोंड बंद केलं. फुकटची तडकंल काच उन्हानं."

बॅटरीलाही तिनं कोपऱ्यात गोधडी पांघरली होती. इतकी माया तिनं माझ्यावर कधी केली नाही, असं मी तिला चिडवलं. तीही हसली. त्या दिवसांत माय फार हसायची. सारवण झालं, भिंतींना पांढरी माती झाली, वहिनींसाठी बाजेची नवी दोरी विणून झाली. पोरीसाठी मोहाची फुलं भाजून, तीळ घालून लाडू केले. येता-जाता संदुकीतून पंखा काढून पाहायची आणि परत ठेवायची. ते तिचं हसणं मला आज हवं आहे. बाकी काही नको.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून गावातल्या विहारात वंदनेला गेलो. घरी येऊन मायनं खीर चुलीवर चढवली. दुपारच्या गाडीनं ते आले. दादाच्या कडेवर पोरगी, चांगली बोलायला-चालायला लागलेली, उन्हानं गाल लालबुंद. मायनं तिला घेतलं ते सोडलंच नाही. खीर झाली, जेवणं झाली. मग मायनं पंखा काढला. बाबांनी तो खुंटीला बांधला, तारा जोडल्या. पोरीला खाली नव्या बाजेवर ठेवलं. आणि बटन मायनं स्वतः दाबलं.

फिरला! खरंच फिरला. पोरीचे कपाळावरचे केस उडाले, तिनं तोंड उघडून वाऱ्यात "आऽऽ" केलं. माय आमच्याकडे वळून पाहत होती, एकेकाच्या तोंडाकडे. वहिनींच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ.

आणि मग पंख्याचा आवाज बदलला. पाती दिसायला लागली. आधी अंधुक, मग वेगवेगळी. बाबांनी जाळीवर चापट मारली. पंखा थांबला.

दादानं गोधडी बाजूला केली, बॅटरीची बुचं उघडली. कारखान्यात काम करणारा माणूस, त्याला कळलं. "माय, हिच्यातलं पानी पार आटलं. आन् काच कुठी हाये?" तो बाहेर गेला. बल्लीवरचं पोतं पाहिलं आणि हसत सुटला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. "उन्हावर चालते माय ती! तू तिले सावलीत ठेवली!" वहिनीही हसल्या, बाबाही. पदर तोंडावर धरून मायही हसली. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. हसता काय, असं ओरडावंसं वाटलं. त्या बाईनं सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा अंधारात काढला तुमच्यासाठी!

मायनं बांबूचा हातपंखा घेतला आणि बाजेशी बसली. पोरगी झोपली, माय वारा घालत राहिली. हात बदलायची, पण थांबायची नाही. वहिनींनी दोनदा पंखा मागितला, दिला नाही. वहिनी वाईट नव्हत्या हो. "माय, तुम्हीच चला ना तिकडं आमच्यासोबत," म्हणाल्या. माय म्हणाली, "जाऊ ना, जाऊ." पण वावर, बैलं, कोंबड्या सोडून ती कुठे जाणार होती? सकाळी पोरीच्या मानेवर घामोळ्या दिसल्या आणि त्यांनी पहिली गाडी धरली.

त्यांना गाडीवर बसवायला मी गेले. फारेस्टच्या वाटेवर दादा मागे रेंगाळला, माझ्यासोबत चालू लागला. म्हणाला, "माही बदली झाली. दूर, उत्तरेकडं. पानी पडाच्या आधी जा लागते."

"किती दूर?"

"दोन गाड्या बदला लागते. वर्षातून एकदा येनं झालं त झालं."

"मायले सांगितलं?"

"तू सांगजो."

"काऊन? तुह्या तोंडाले का झालं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तो पंखा पाह्यला आन् मले नाई सांगता आलं." गाडी आली, पोरीनं खिडकीतून हात हलवला.

घरी आले तर मायचं वेगळंच सुरू होतं. काचेचा भरवसा नाही, आता खांबच पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत ते येतील तोवर खांब उभे झाले पाहिजेत. आणि आश्चर्य म्हणजे बाबा हो म्हणत होते! कोणाच्या दारात न जाणारे बाबा पुढच्या काही दिवसांत लाइनवाल्याकडे दोन चकरा मारून आले, फारेस्टच्या कचेरीत हात जोडून आले. पोरीच्या घामोळ्या त्यांनीही पाहिल्या होत्या. "बैलं विकू. यंदा भाड्याच्या बैलांवर वाही करू," म्हणाले. पेरणी तोंडावर आलेली असताना!

इकडे बाबांनी मूलहून बॅटरीचं पाणी आणून ओतलं, पोतं काढलं, आणि चार दिवस ऊन खाऊन बॅटरी पुन्हा जिवंत झाली. तरी माय ट्यूब लावू देईना. खांब वेळेवर आले नाहीत तर निदान पंखा असावा, म्हणून जपणं सुरू. आम्ही पुन्हा कंदिलावर. रोज सांगू म्हणायची मी आणि रोज तिच्या तोंडाकडे पाहून शब्द गिळायची.

मूलच्या बाजाराचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी बाबा बैलांना धुऊन त्यांच्या शिंगांना तेल लावत होते. माय बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होती, काहीतरी पुटपुटत होती त्यांच्याशी. मला ते पाहवेना. मी आंगणात जाऊन उभ्या उभ्या सांगून टाकलं. दादाची बदली झाली. उत्तरेकडे, खूप लांब. दिवाळीला येणार नाहीत. बैलं विकू नका.

बाबांचा हात शिंगावरच थांबला. माय माझ्याकडे वळली.

"तुले कोनं सांगितलं?"

"दादानंच. गाडीवर जातानी."

"मले काऊन नाई सांगितलं त्यानं?"

मी खरं तेच सांगितलं. पंखा पाहून त्याला बोलता आलं नाही म्हणून. मायनं बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. बाबांनी तेलाची वाटी उचलली आणि बैलांना नेऊन परत खुंट्याला बांधलं. खांबाचं नाव त्यानंतर आमच्या घरात कोणी काढलं नाही.

दिवेलागण झाली. मी कंदिलाची काच पुसायला घेतली.

"राहू दे ते," माय म्हणाली. "लाइट लाव."

मी एक ट्यूब लावली.

"दोन्ही लाव. आता कोनासाठी ठेवाची?"

मी दोन्ही लावल्या. घरात लख्ख उजेड झाला. पांढऱ्या मातीच्या भिंती, ढोली, कोपऱ्यातली नवी बाज, सगळं एकदम दिसायला लागलं. मायनं ताटं मांडली, आम्ही जेवायला बसलो. कंदिलाच्या उजेडात ती इतके दिवस रडली असेल तर मला कळलं नव्हतं. त्या दिवशी दिसत होतं. ती रडत होती आणि भात वाढत होती, आणि बाबा खाली ताटाकडे पाहून जेवत होते.